कागदावरचे चित्र आणि ओएचपी शीटवरची जाळी : छपाई तंतोतंत कशी जुळवावी?

अबोली

नमस्कार. आमच्या शाळेच्या विज्ञान दालनासाठी मी हलत्या चित्रांचे फलक तयार करत आहे. एका हालचालीच्या सहा फ्रेम घ्यायच्या, त्यांचे बारीक उभे काप करायचे, ते क्रमाने एकमेकांत गुंफून एकच चित्र कागदावर छापायचे आणि वर काळ्या पट्ट्यांची पारदर्शक जाळी सरकवायची, अशी ही पद्धत आहे. जाळीच्या फटींतून एका वेळी एकाच फ्रेमचे काप दिसतात आणि जाळी सरकली की चित्र चालू लागते.

माझे चित्र दिंडीतल्या तीन वारकऱ्यांचे आहे. तिघे एका ओळीत, खांद्यावर पताका घेऊन, एकाच तालात पावले टाकतात. चित्राची रुंदी २४० मि.मी. आहे, त्यामुळे ए४ कागद आडवा धरला आहे. फाइल ६०० डीपीआयची (इंचाला ६०० ठिपके) असून फट ४ पिक्सेलची आणि काळी पट्टी २० पिक्सेलची आहे. शाळेच्या लेझर प्रिंटरवर चित्र साध्या ७५ जीएसएम कागदावर आणि जाळी लेझरसाठीच्या ओएचपी शीटवर छापली.

अडचण अशी आहे की डावीकडचा आणि उजवीकडचा वारकरी बरोबर एकत्र उजवे पाऊल टाकतात, पण मधला त्याच क्षणी डावे पाऊल टाकतो. जाळी कितीही सरकवली तरी तिघांचा ताल जमत नाही. कागद मध्यभागी फुगला असावा असे वाटून त्यावर काच ठेवून पाहिली, पण काहीच फरक पडला नाही. दोन्ही कडा जुळत असताना मधलाच भाग कसा चुकतो, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

जुना छापखाना

अबोलीताई, मधला भाग चुकलेला नाही. माझा कयास असा आहे की उजवी कड जुळलेली दिसते, पण ती पूर्ण एका रेघेने सरकून जुळलेली आहे.

आपल्या जाळीचे एक आवर्तन २४ पिक्सेलचे, म्हणजे ६०० डीपीआयला १.०१६ मि.मी.चे आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळी चित्रापेक्षा बरोबर एवढीच आखूड झाली, तर उजव्या टोकाला १ क्रमांकाच्या फ्रेमवर पुन्हा १ क्रमांकाचीच फ्रेम येईल आणि सगळे ठीक आहे असा भास होईल. मध्यावर मात्र फरक अर्ध्या आवर्तनाचा, म्हणजे तीन फ्रेमचा असेल. चालण्याच्या सहा फ्रेममध्ये तीन फ्रेम पुढे म्हणजे दुसरे पाऊल. आपल्याला नेमके तेच दिसते आहे.

खात्री करून घेण्यासाठी चित्राच्या आणि जाळीच्या चारही कोपऱ्यांत बारीक क्रॉस टाकून दोन्ही पुन्हा छापा. छापखान्यात रंगावर रंग बसवताना आम्ही हेच रजिस्टर मार्क पाहत असू. डावीकडचे क्रॉस एकावर एक बसवा आणि उजवीकडे किती अंतर पडते ते भिंगातून पाहा.

या कामात जागा आणि माप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चित्र कागदावर दोन मि.मी. वर-खाली छापले गेले तरी काही बिघडत नाही, कारण जाळी आपण हातानेच सरकवणार आहोत. माप मात्र हाताने ताणता येत नाही. म्हणून प्रिंटरमध्ये कागद नेमका कुठे बसतो याच्या मागे न लागता दोन्ही छपाया एकाच मापाच्या कशा निघतील, एवढेच पाहावे.

अबोली

आपला कयास अगदी बरोबर निघाला, सर. डावे क्रॉस जुळवल्यावर उजवीकडे शीटवरचा क्रॉस जवळपास एक मि.मी. आत पडतो. उभ्या दिशेने मात्र फरक डोळ्यांना जाणवतही नाही. मग प्रिंट करताना स्केलच्या रकान्यात १००.४ टक्के घालावे का?

त्रिज्या

तो रकाना १०० वरच ठेवावा आणि "पानात बसवा" हा पर्यायही बंद असल्याची खात्री करावी. तिथे आकडा बदलला की चार पिक्सेलची फट कुठे चार, कुठे पाच पिक्सेलची होते, काही प्रिंटर ड्रायव्हर कडा करड्या करून टाकतात आणि मग त्या करड्या रंगाचे ठिपके पडून एक वेगळीच जाळी तयार होते. चित्र आणि जाळी दोन्ही शुद्ध काळ्या-पांढऱ्या असाव्यात, पीएनजी स्वरूपात असाव्यात, करड्या छटा कुठेही नसाव्यात. जेपीईजीने रेघांच्या कडा खराब होतात, म्हणून तो टाळावा.

माप दुरुस्त करायचेच असेल तर फाइलमध्ये करावे. २४० मि.मी. म्हणजे सुमारे ५६६९ पिक्सेल आणि आपल्याला कमी पडतात २४. म्हणजे साधारण दर दहाव्या काळ्या पट्टीत एक पिक्सेल वाढवला की हिशेब जुळतो. फटींना हात लावायचा नाही, फक्त काळी पट्टी २० ऐवजी २१ पिक्सेलची करायची. ते डोळ्यांना कळत नाही.

पण त्याआधी चूक कुठून येते ते पाहू, कारण ती मुळातच टाळता येण्याजोगी आहे. आपल्या निरीक्षणात एक महत्त्वाची गोष्ट आहे. चित्राच्या आडव्या दिशेने ०.४ टक्क्यांचा फरक आहे आणि उभ्या दिशेने जवळजवळ नाही. ए४ आडवा धरून छापला तरी प्रिंटरमध्ये तो अरुंद बाजूनेच शिरतो, म्हणजे आपल्या चित्राची रुंदी कागद सरकण्याच्या दिशेला आहे. त्या दिशेचे माप रोलर ठरवतात. कागदाची आणि गुळगुळीत शीटची पकड सारखी नसते, शीट किंचित घसरते आणि तिच्यावरचे चित्र त्या दिशेने आखूड होते. त्याच्या काटकोनातले माप मात्र लेझरचा किरण फिरवणारा आरसा, भिंगे आणि घड्याळाचे स्पंद यांवर ठरते. आत कागद आहे की प्लॅस्टिक, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

म्हणून उपाय असा की रेघा कागद सरकण्याच्या दिशेला समांतर ठेवाव्यात. चित्र ए४ च्या २१० मि.मी. रुंदीत, साधारण १८० मि.मी.चे करावे. मग घसरल्यामुळे रेघा लांबीने थोड्या कमी-जास्त होतील, पण त्यांच्यातले अंतर बदलणार नाही आणि आपल्याला तेच अंतर हवे आहे.

किती अचूकता हवी याचाही अंदाज घ्यावा. फट ०.१६९ मि.मी.ची आहे. पूर्ण चित्रात अर्ध्या फटीपेक्षा जास्त सरक नको असेल, तर १८० मि.मी.ला ०.०८५ मि.मी., म्हणजे ०.०५ टक्के एवढीच मुभा मिळते. स्टीलच्या पट्टीने हे मोजता येणार नाही, पण म्वारे पट्ट्यांनी सहज मोजता येते. जाळीच्याच आवर्तनाच्या, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या कोऱ्या अशा समान रेघा कागदावरही छापा आणि शीटवरही छापा. एकावर एक ठेवून कोन नीट जुळवला की मापातल्या फरकामुळे रुंद, मऊ कडांचे पट्टे दिसतात. जितके पट्टे, तितक्या आवर्तनांचा फरक. ०.१ टक्का फरक असेल तर एक पट्टा सुमारे मीटरभर रुंद होतो, म्हणजे १८० मि.मी.च्या चित्रात गडदपणा एका कडेकडून दुसरीकडे जेमतेम बदलताना दिसेल. या पट्ट्यांचा उपयोग नवा नाही. प्रकाशाचे वर्णपट पाडणाऱ्या जाळ्यांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, हे तपासण्यासाठी लॉर्ड रेले यांनी १८७४ मध्येच ही युक्ती सुचवली होती.

कोणती जाळी आखूड, हे ओळखण्यासाठी एक सुंदर प्रयोग आहे आणि तो आपण मुलांनाही दाखवावा. एक डोळा मिटून सुमारे ४० सें.मी.वरून पाहत शीट हळूहळू कागदापासून वर उचला. शीट डोळ्याच्या जवळ आल्याने तिच्यावरच्या रेघा किंचित मोठ्या भासतात. पट्टे रुंद होत गेले तर शीटवरची जाळी आखूड आहे, अरुंद होत गेले तर लांब आहे. आपल्या आत्ताच्या शीटवर हे करून पाहा. दोन मि.मी.पेक्षाही कमी उचलल्यावर तिन्ही वारकरी एका तालात आलेले दिसतील.

कागदवाला

त्रिज्या यांचे रोलरबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण रेघा फिरवल्यावर एक दुसरी अडचण समोर येईल आणि कोकणासारख्या दमट भागात ती लहान नसेल. कागदाचे तंतू कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला लागतात, तीच त्याची ग्रेन. दमट हवेत तंतू लांबीने फारसे वाढत नाहीत, जाडीने फुगतात. म्हणून कागद ग्रेनच्या काटकोनात कितीतरी जास्त वाढतो. बाजारातल्या बहुतेक ए४ कागदाची ग्रेन लांब बाजूला असते, म्हणजे वाढ होते ती २१० मि.मी.च्या दिशेने. आपण रेघांमधले अंतर आता नेमके त्याच दिशेला आणून ठेवत आहात. पॉलिएस्टरच्या शीटवर हवेच्या ओलाव्याचा परिणाम त्या मानाने नगण्य असतो.

शिवाय लेझर प्रिंटरच्या फ्यूजरमधून (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणाऱ्या भागातून) जाताना कागद चांगलाच तापतो, त्यातला ओलावा उडतो आणि तो आक्रसतो. बाहेर आल्यावर हवेतला ओलावा परत घेत तो पुन्हा पसरतो. त्यामुळे गरम कागदावर घेतलेले माप आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेले माप यांत फरक पडतो.

ग्रेन ओळखणे सोपे आहे. कागदाच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू ओल्या कापडाने पुसा. तुकडा नळीसारखा वळेल आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेन. रुंदीच्या दिशेने ग्रेन असलेला ए४ हवा असेल तर लांब बाजूला ग्रेन असलेला ए३ घेऊन मधोमध कापावा.

त्रिज्या

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मांडल्याबद्दल मनापासून आभार. तरीही दोन चुकांमधून एक निवडायची असेल तर मी ओलाव्याची निवडेन. रोलरची घसर प्रत्येक शीटला वेगळी असते, पहिली शीट आणि पाचवी शीट सारखी येईल याचा भरवसा नसतो. ओलाव्याची वाढ संथ असते, कागदाच्या एका गठ्ठ्यात आणि एका ऋतूत बरीचशी सारखी राहते. ती एकदा मोजून फाइलमध्ये भरून काढता येते. ए३ कापून घेतला तर प्रश्न बराचसा मिटतोच.

जुना छापखाना

आपण दोघेही कागद धरून बसला आहात. तो सोडून द्यावा, असे मी म्हणेन.

चित्रही ओएचपी शीटवरच छापा आणि त्याच्या खाली कोरा पांढरा कागद ठेवा. एकाच पाकिटातल्या दोन शीट, एकाच ट्रेमधून, एकाच दिशेने, लागोपाठ छापल्या की घसर, उष्णतेने होणारा आक्रस आणि हवेचा परिणाम हे सगळे दोघींवर बरेचसे सारखेच होते. माप नेमके शंभर टक्के येईलच असे नाही, पण ते दोघींचे सारखे येते आणि आपले काम तेवढ्याने होते. दोन गोष्टी पाळा. प्रिंटर तापण्यासाठी आधी काही साधी पाने जाऊ द्या. आणि दुसरी शीट उलटी फिरवून घालू नका, वरची कड वरच राहू द्या.

मुलांच्या हाताळणीसाठी कायमचा फलक हवा असेल तर जाळी तरी ऑफसेटवाल्यांकडून पॉझिटिव्ह फिल्मवर काढून घ्या. आता थेट प्लेट निघू लागल्यापासून फिल्म काढून देणारे कमी झाले आहेत, तरी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना त्यांचे पत्ते माहीत असतात. इमेजसेटरच्या (फिल्मवर प्रकाशाने चित्र उमटवणाऱ्या यंत्राच्या) २४०० डीपीआय फिल्मवर काळा रंग खऱ्या अर्थाने काळा येतो, टोनरमध्ये राहतात तशी सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहत नाहीत. मात्र अशी जाळी कागदावरच्या लेझर छपाईशी आपोआप जुळणार नाही, तेव्हा वर सांगितलेली मापाची दुरुस्ती कागदाच्या फाइलमध्ये करावी लागेल.

निळी शाई

ज्यांच्याकडे इंकजेट आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण तिथे कारण वेगळे असले तरी निष्कर्ष तोच येतो. इंकजेटचे डोके आडवे धावते आणि त्याची जागा एका पारदर्शक पट्टीवरच्या अतिशय बारीक खुणा वाचून ठरते. ती दिशा भरवशाची असते. कागद पुढे सरकण्याची दिशा तेवढी भरवशाची नसते. म्हणून इथेही रेघा कागद सरकण्याच्याच दिशेला समांतर ठेवाव्यात. मात्र डोके जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापत असेल तर उभ्या रेघा करवतीच्या दात्यांसारख्या होतात. ड्रायव्हरमध्ये "हाय स्पीड" किंवा "दुहेरी दिशा" असा जो पर्याय असेल तो बंद करावा.

दुसरे म्हणजे फाइलचे रिझोल्यूशन. काही कंपन्यांचे इंकजेट ७२०, १४४० या पटीत छापतात. ६०० डीपीआयच्या फाइलमधले २४ पिक्सेलचे आवर्तन तिथे २८.८ ठिपक्यांचे होते, म्हणजे एक रेघ २८ ची तर पुढच्या २९ च्या. त्यासाठी फाइल ७२० डीपीआयला नव्याने बनवावी. २४ पिक्सेलचे आवर्तन मग ०.८४७ मि.मी.चे होईल.

लेझरसाठी नसलेली शीट लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. ती फ्यूजरवर वितळून चिकटते. इंकजेटच्या शीटची बोटाला खरखरीत लागते ती बाजू छपाईची. शाई पूर्ण वाळेपर्यंत तिला हात लावू नये.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. चित्र १८० मि.मी.चे करून, रेघा कागद सरकण्याच्या दिशेला घेऊन, दोन्ही छपाया शीटवर केल्या. तिन्ही वारकरी एका पावलावर आले. शीट उचलून पाहण्याचा प्रयोग जुन्या शीटवर केला तेव्हा नववीच्या मुली टेबलाभोवती जमल्या आणि प्रत्येकीने तो स्वतः करून पाहिला.

आता दोन शंका उरल्या आहेत. चित्र फार अंधारे दिसते. आणि शीट हातात घेऊन पाहिले की कडेचे वारकरी पुन्हा ताल सोडतात, टेबलावर दाबून धरली की येतात.

त्रिज्या

दुसरी शंका आधी घेतो. फ्यूजरच्या उष्णतेने शीट किंचित वळते आणि दोन शीटमध्ये हवेची फट राहते. डोळा चित्राच्या मध्यावर ४० सें.मी.वर असेल तर ९० मि.मी. दूर असलेली कड आपण तिरपी पाहत असतो. तिथे एक मि.मी. फट असली तर रेघा ०.२२ मि.मी. सरकल्यासारख्या दिसतात, म्हणजे एका फटीपेक्षाही जास्त, आणि लगेच पुढची फ्रेम दिसू लागते. शीटची स्वतःची जाडी सुमारे ०.१ मि.मी. असते, त्यामुळे तिचा परिणाम याच्या तुलनेत किरकोळ. तरी दोन्ही टोनरच्या बाजू समोरासमोर आल्या तर तेवढाही फरक उरत नाही. त्यासाठी खालच्या चित्राची टोनरची बाजू वर ठेवून वरची जाळी उलटी करावी. रेघांच्या जाळीला उजवे-डावे नसल्याने ती आरशातल्यासारखी छापण्याची गरज नाही. टोनर घासला जाऊ नये म्हणून सरकवताना हात हलका ठेवावा. फोटोफ्रेमची साधी काच वर ठेवली की वळण दाबले जाते.

लॅमिनेशन करू नये, त्या उष्णतेने माप पुन्हा बदलते. शीट पीव्हीसीच्या मऊ कव्हरमध्येही ठेवू नये, टोनर त्याला चिकटून उखडतो. पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर चालते.

अंधाराचे म्हणाल तर सहा फ्रेमच्या जाळीतून प्रकाशाचा सहावा हिस्साच येतो आणि टोनर पसरल्याने फट आणखी अरुंद होते. एका चाचणीच्या शीटवर आवर्तन २४ च ठेवून ३, ४, ५ आणि ६ पिक्सेल फटीचे चार पट्टे छापा आणि तेच चित्र चारींखालून पाहा. बऱ्याचदा ५ पिक्सेलची फट आणि १९ ची पट्टी सर्वांत चांगली ठरते. शेजारच्या फ्रेमची पुसट सावली दिसू लागली की एक पाऊल मागे यावे. तरी अंधार वाटला तर फ्रेम चारच ठेवाव्यात. वारकऱ्याच्या चालीला चारही पुरतात.

जुना छापखाना

जाळी सरकवताना तिरपी होऊ नये याचीही सोय हवी, कारण मुले ती सरळ सरकवणार नाहीत. जाळी एक अंश फिरली तरी ५८ मि.मी.वर एक पूर्ण आवर्तन चुकते. म्हणजे वारकऱ्याचे पाऊल एका फ्रेममधले आणि पताका भलत्याच फ्रेममधली. फलकाच्या खालच्या कडेला जाड पुठ्ठ्याची सरळ पट्टी चिकटवा आणि जाळीची कड तिच्यावर टेकवून सरकवा. जाळीची ती कड हाताने न कापता छापलेल्या क्रॉसवरून कटिंग मशीनवर कापून घ्यावी.

दुर्वांकुर

याच धाग्यात विचारतो, कारण विषय जवळचा आहे. दोन शीटवर नुसते विस्कळीत ठिपके असतात आणि एकावर एक ठेवल्यावरच अक्षरे उमटतात, तसा फलक मला करायचा आहे. लहान नमुना जमला, पण मोठ्या आकारात काहीच उमटत नाही.

त्रिज्या

ही मोनी नाओर आणि आदी शमीर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत आहे. चित्राचा प्रत्येक चौकोन दोन बाय दोन घरांत विभागतात आणि प्रत्येक शीटवर चारपैकी दोन घरे काळी करतात. दोन्ही शीटवर तीच घरे काळी असतील तर चौकोन अर्धा उजळ दिसतो, उलट घरे असतील तर पूर्ण काळा. इथे अबोलीताईंच्या जाळीसारखी कुठल्याही एका दिशेची मोकळीक नाही. माप, जागा आणि कोन तिन्ही एकाच वेळी जुळावे लागतात. एका घराएवढी सरक झाली की संदेश जवळजवळ पुसला जातो.

घर १ मि.मी.चे असेल तर ०.१ टक्क्याचा फरक १८० मि.मी.वर ०.१८ मि.मी. भरतो, तो सहन होतो. कोनाचे तसे नाही. अर्धा अंश फिरले तरी १२० मि.मी.वर एक पूर्ण घर सरकते. म्हणून मोठ्या फलकात घरे १.५ ते २ मि.मी.ची घ्यावीत. दोन्ही छपाया शीटवरच असाव्यात हे इथे तर फारच महत्त्वाचे आहे.

काय चुकते हे ओळखण्यासाठी विस्कळीत ठिपक्यांचे एकच पान दोन शीटवर छापून एकावर एक ठेवा. लिऑन ग्लास यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलेले आकार त्यात दिसतात. कोन चुकला असेल तर ठिपके एका बिंदूभोवती वर्तुळे काढतात. एक शीट सर्व बाजूंनी मोठी असेल तर किरणांसारखे बाहेर पसरतात. एकाच दिशेने ताण असेल तर सगळ्या जोड्या त्याच दिशेला आडव्या पडतात आणि मधला एक पट्टाच स्पष्ट राहतो. वर्तुळे दिसली तर शीट फिरवा. आडव्या जोड्या दिसल्या तर त्या कागद सरकण्याच्या दिशेला आहेत का ते पाहा. तसे असेल तर रोलरची घसर समजून शीट पुन्हा छापा.

जुना छापखाना

आणि एकदा जुळले की ते परत परत हाताने जुळवत बसू नका. दोन्ही शीट चिकटपट्टीने तात्पुरत्या बांधा, एकत्रच पंच करा आणि फलकावर त्याच अंतरावर दोन खिळे ठेवा. भोके चित्राच्या बाहेर आणि एकमेकांपासून शक्य तितकी लांब असावीत. कोन सांभाळला जातो तो भोकांमधल्या अंतरामुळेच, म्हणून शेजारी शेजारी दोन भोके पाडून उपयोग होणार नाही.